कानाला सोसणारे संगीत

ऐकू येत नाही ही तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे. आवाज सोसत नाही, ही तक्रार मात्र घरात सहसा कोणी मनावर घेत नाही. ताटावर वाटी आपटली, कुकरची शिट्टी झाली, एस.टी.चा ब्रेक किंचाळला की असा माणूस कानावर हात ठेवतो आणि घरची मंडळी त्याला 'फारच नाजूक' ठरवून मोकळी होतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला हायपरॲक्युसिस म्हणतात. इतरांना साधा वाटणारा आवाज या रुग्णाला असह्य मोठा वाटतो, कधी कान दुखूही लागतो. हे सोंग नव्हे.

याची कारणे अनेक आहेत. अर्धशिशीच्या झटक्यात उजेडाप्रमाणे आवाजही नकोसा होतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून तोंड वाकडे होते, तेव्हा काही रुग्णांना त्या बाजूचा आवाज मोठा वाटू लागतो. आपल्या मध्यकर्णात रिकिबीच्या आकाराचे एक इवलेसे हाड असते. मोठा आवाज आला की त्याला आवरून धरणारा स्नायू चेहऱ्याच्याच मज्जातंतूवर चालतो, आणि तो तंतू दुबळा झाला की ही राखण सुटते. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना मिक्सरचा किंवा फटाक्याचा आवाज सहन होत नाही. वयस्कर माणसांची तर गंमतच असते. "जरा मोठ्याने बोल" म्हणतात, आणि मोठ्याने बोलले की "ओरडतोस कशाला?" असे डाफरतात. यात स्वभावाचा दोष नाही. अंतर्कर्णातील पेशी झिजल्या की बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो.

अलीकडे यात तरुणांची भर पडली आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असे मानले, तर पुढे दर तीन डेसिबलला तो काळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. आपल्याकडे ज्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्या ध्वनिभिंतीपुढे पोरे तासन्‌तास नाचतात. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती मिरवणुकीत कितपत पाळली जाते, हे वाचकांना मी सांगायला नको.

अशा रुग्णाचा पहिला उपाय ठरलेला असतो, कानात कापसाचा बोळा. काहीजण कोमट तेलही सोडतात. तेल कधीही घालू नये. कापूस आवाज फारसा अडवत नाही, आणि दिवसभर कान बुजवून ठेवणे हेच मुळात उलटे पडते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे कानात बुचे घालून ठेवले, तेव्हा त्यांचे कान अधिक हळवे झाले. ज्यांच्या कानाशी मंद, एकसारखा आवाज चालू ठेवला होता, त्यांची सहनशक्ती उलट वाढली. आत येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला ध्वनिवर्धक वाढवून ठेवतो, असा याचा अर्थ लावतात. तेव्हा अशा माणसाला शांतता नव्हे, बेताचा आवाज द्यावा लागतो.

पण कोणता? आपल्या पाटणच्या पावसाचेच पाहा. आषाढात पत्र्यावर रात्रभर धो धो पाऊस कोसळतो, शेजारी काय बोलतो ते कळत नाही, तरी आपण त्याखाली गाढ झोपतो. त्याच रात्री स्वयंपाकघरात स्टीलचे एक ताट पडले तर दचकून उठतो. फरक केवळ मोठेपणाचा नाही. पाऊस चढत चढत येतो आणि एकसारखा राहतो. ताटाचा आवाज एका क्षणात शिगेला पोचतो. शिवाय आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि भांड्यांच्या खणखणाटाचा पुष्कळसा भाग नेमका तिथेच पडतो. एकदम आला, अनपेक्षित आला आणि उंच पट्टीत आला, की आवाज टोचतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण एक तरुण रुग्ण. मिरवणुकीनंतर त्याचे कान असे हळवे झाले की घरच्यांबरोबर पंगतीला बसणे त्याने सोडले, नोकरीही सोडण्याच्या गोष्टी करू लागला. गाणी लावली की शब्दांतले 'स', 'श' कानात घुसतात म्हणे. एक दिवस म्हणाला, "डॉक्टर, एकच संगीत सोसते. सांतानाची गिटार." रॉक म्हणजे धांगडधिंगा असा माझा समज. तरीही मी ते ऐकले.

कार्लोस सांताना हे मूळ मेक्सिकोचे. रॉकची इलेक्ट्रिक गिटार आणि क्युबा, पोर्टो रिकोकडची तालवाद्ये यांची त्यांनी सांगड घातली, त्याला लॅटिन रॉक म्हणतात. त्यांच्या 1970 सालच्या 'अब्राक्सस' या ध्वनिमुद्रिकेत 'सांबा पा ती' नावाची शब्दांविना रचना आहे. यात गिटारचा सूर तुटत नाही, सारंगीसारखा लांबत जातो. ध्वनिवर्धकातून येताना छेडण्याचा ठोका बोथट होतो आणि मागचा नाद रेंगाळतो. ऑर्गनचे सूर खाली सतरंजीसारखे अंथरलेले असतात. काँगा हा उंच पिंपासारखा ढोल तळव्याने वाजवतात, त्यामुळे त्याचा आवाज भरीव आणि गोल येतो. ताल तोच तोच फिरून येत असल्याने पुढचा ठोका कधी पडणार हे कानाला आधीच कळते.

मात्र लॅटिन रॉक म्हटले की सगळेच चालेल असे नाही. याच मंडळींनी ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकेतील वुडस्टॉकच्या महोत्सवात वाजवलेली 'सोल सॅक्रिफाइस' हीदेखील शब्दांविना रचना आहे, पण त्यात मायकेल श्रीव्ह या तरुणाचे ड्रमवादन नुसते वीज कडाडल्यासारखे आहे. निरोगी माणसाने ते जरूर ऐकावे, हळव्या कानाने दूर राहावे. या संगीतात टिंबालेस नावाचे धातूच्या अंगाचे ढोल असतात, ते काठीने वाजवतात. गाईच्या गळ्यातली असते तशी घंटाही ठोकतात. ही वाद्ये आपल्या ताशा-झांजेच्या जातीची. 'सांबा पा ती'सुद्धा सुरुवातीला संथ असून पुढे लय वाढते आणि ठोके दाट होतात. पहिले काही दिवस संथ भागावरच थांबावे.

ज्यांना हे परके वाटेल त्यांनी मुळीच ऐकू नये. लॅटिन तालाची चव आपल्या वडीलधाऱ्यांनी 1951 च्या 'अलबेला'तील सी. रामचंद्रांच्या गाण्यांत घेतलेली आहेच. आणि शेजारी मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, त्याने स्वर गुंजत राहतो. टोचणारा ठोका नाही, दचकवणारे काही नाही. वयस्कर रुग्णांना मी तंबोराच सुचवतो.

ऐकायचे कसे? इअरफोन नको. साधा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. त्यावरून सहज बोलता येईल इतकाच आवाज असावा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांनी सुरुवात करावी, त्रास न झाल्यास आठवड्याने थोडा वेळ वाढवावा, आवाज नंतर. मोबाईलवर मध्येच जाहिरात किंचाळते, तेव्हा रचना आधी उतरवून घेतलेली बरी. मुलांच्या बाबतीत आवाजाचे बटण मुलाच्याच हाती द्यावे. आवाज आपल्या ताब्यात आहे एवढ्यानेही भीती कमी होते. फोमची बुचे मिरवणुकीसाठी, गिरणीसाठी जवळ ठेवावीत, घरात काढून ठेवावीत. फरक पडायला काही महिने लागतात, आठवड्यात निराश होऊ नये.

हे सर्व कान तपासून झाल्यावर. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दोन-तीन दिवसही न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. त्यावरचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच गुणकारी ठरतात. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा जीभ अडखळू लागली, अथवा ताप आणि मान ताठरण्याबरोबर आवाज-उजेड नकोसा झाला, तर संगीत बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.