गाईच्या पोटातली पिशवी

आपण शिळी भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो आणि उकिरड्यावर टाकतो. गाईला भाकरीचा वास येतो. तिला गाठ थोडीच सोडता येते? ती पिशवीसकट भाकरी गिळते. भाकरी पचते. पिशवी पचत नाही. अशा पिशव्या पोटात साठत जातात. मग गाय चारा खात नाही, रवंथ करीत नाही. खंगून मरते.

२०१८ साली महाराष्ट्र सरकारने या पिशव्यांवर बंदी घातली. पण आपण मागतो, म्हणून दुकानदार देतो. एका घराने सोडून भागणार नाही. गाय साऱ्या गावात फिरते. तेव्हा सारे मिळून ठरवू या. बाजाराला कापडी पिशवी नेऊ. पंगतीला पळसाची पत्रावळ मांडू. तिचे खत होते. उरलेली भाकरी गाईपुढे मोकळीच ठेवू.