मनगटापर्यंत न पोहोचणारे ठोके

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या झरी जामणी तालुक्यात कोलाम आदिवासींची वस्ती पोडांमध्ये, म्हणजे लहान पाड्यांमध्ये, विखुरलेली आहे, आणि अशा पोडावर हृदयाची तपासणी करायची झाल्यास सहज हाताशी असतात ती दोनच साधने, तपासणाऱ्याची बोटे आणि स्टेथोस्कोप. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेशिस्त थरथर, या विकारात मात्र हीच दोन साधने बरेच काही सांगून जातात.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील, म्हणजे वरच्या कप्प्यातील, सायनस नोड हा पेशीपुंज विश्रांतीत मिनिटाला साधारण 60 ते 100 संकेत देतो. अलिंदे आकुंचन पावून आपल्याजवळचे रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, ढकलतात आणि निलये ते पुढे पाठवतात. या विकारात अलिंदांत मिनिटाला 350 ते 600 विस्कळीत संकेत उमटतात, त्यामुळे त्यांचे आकुंचन थांबून नुसती थरथर उरते. अलिंद व निलय यांच्यामधला एव्ही नोड यातले बहुतेक संकेत अडवतो, परंतु जे सुटतात ते कोणत्याही तालाशिवाय सुटतात.

गोंधळ नेमका येथे सुरू होतो. दोन ठोक्यांमधले अंतर लांबले की निलय पुरेसे भरते आणि पुढचा ठोका जोरकस पडतो. अंतर फारच आखूड असले तर निलय जवळजवळ रिकामेच आवळले जाते, स्टेथोस्कोपात ठोका ऐकू येतो, पण रक्ताची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एकाने छातीवर ठोके ऐकावेत आणि त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटाची नाडी मोजावी; छातीवर 130 आणि मनगटावर 100 असे आकडे आले, तर ते 30 ठोके शरीराच्या फारसे कामी आलेले नाहीत. या फरकाला नाडी-तूट म्हणतात. रक्तदाबही ठोक्यागणिक बदलत असल्याने एकाच मोजणीवर विसंबता येत नाही, तीन-चार मोजण्यांची सरासरी घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्नली गावात सामान्य डॉक्टर म्हणून काम केलेल्या जेम्स मॅकेन्झी यांनी मानेच्या शिरेचे स्पंदन कागदावर उमटवून त्यातली अलिंदाची लाट नाहीशी झालेली टिपली होती. तालाच्या या बिघाडाचा उलगडा थॉमस लुईस यांनी 1909 मध्ये ईसीजीच्या आधारे केला.

अलिंदाचा धक्का गेला की निलयाचे भरणे साधारण 15 ते 30 टक्क्यांनी घटते. बालपणीच्या घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने डावे अलिंद व निलय यांच्यामधली मिट्रल झडप अरुंद झालेली असेल, तर हे नुकसान अधिक जाणवते, कारण अरुंद वाटेतून रक्त उतरायला वेळ लागतो आणि जलद ठोके तोच वेळ हिरावून घेतात. मग रक्त फुप्फुसांत तुंबून दम लागतो. बीटा-ब्लॉकर किंवा डिजॉक्सिन देऊन गती उतरवतात ती याचसाठी. मात्र गती फार खाली आणण्याचा अट्टहास सर्वांनाच लाभतो असे नाही: 2010 च्या रेस-2 या डच अभ्यासात विश्रांतीतील गती 110 च्या आत ठेवणे हे 80 च्या आत ठेवण्यापेक्षा कमी परिणामकारक ठरले नाही.

खरा घातक भाग मात्र शांतपणे घडतो. डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचून त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा मारतो. हा धोका या विकाराने सुमारे पाचपट होतो आणि झडप अरुंद असल्यास त्याहूनही पुष्कळ वाढतो. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने 86 गावांत केलेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. अर्थात त्यातला प्रत्येक झटका या विकाराचा नव्हे, उच्च रक्तदाबाचा वाटाही मोठा असतो. गुठळी रोखण्यासाठी औषधे द्यावी लागतात; एट्रियल फिब्रिलेशनसोबत ऱ्हुमॅटिक झडपविकार असलेल्या रुग्णांत नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा वॉर्फरिनच्या गटातील जुनी औषधे सरस ठरल्याचे 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीने दाखवले. पण वॉर्फरिनसाठी आयएनआर ही रक्ताची चाचणी वरचेवर करून आकडा 2 ते 3 दरम्यान ठेवावा लागतो, आणि हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा जोर कमी करत असल्याने पावसाळ्यात ताटात रानभाज्या एकाएकी वाढल्या तरी मात्रा पुन्हा बसवावी लागते.