रात्रीतून बदलला कॉलचा स्क्रीन! अपडेट आणि ‘बीटा’ म्हणजे नेमकं काय?

पहूर (ता. जामनेर) : ऑगस्ट २०२५. फोन वाजला, पण उचलायचं बटण ओळखीचं नव्हतं. देशभरातल्या अनेक अँड्रॉइड वापरकर्त्यांना त्या महिन्यात हाच अनुभव आला. काही डाउनलोड केलं नाही, कुठे ‘ओके’ दाबलं नाही, तरी स्क्रीन बदलला. फोन हॅक झाला की काय, अशीही शंका अनेकांना आली.

पहूरसारख्या गावात ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही. १ ऑगस्टपासूनच खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली होती. शेतात उभं राहून कपाशीचा फोटो काढायचा आणि ॲपवर नोंद करायची, हे काम फोनवरच होतं. घरात स्मार्टफोन एकच असेल आणि ऐन मुदतीत तोच अडला, तर करायचं काय?

तेव्हा काय झालं होतं?

बदल अँड्रॉइडमध्ये नव्हता, गुगलच्या ‘फोन’ ॲपमध्ये होता. हे नवं रूप आधी बीटा वापरणाऱ्यांना मिळालं, नंतर सगळ्यांना. प्ले स्टोअरमध्ये ऑटो-अपडेट सुरू असेल तर ॲप आपोआप बदलतं. शिवाय नवं रूप कधी दाखवायचं, हे कंपनी सर्व्हरवरून ठरवू शकते. म्हणूनच एकाच घरातल्या दोन फोनवर वेगवेगळे स्क्रीन दिसू शकतात.

जुना स्क्रीन परत आणता येतो?

बहुतेक फोनवर येतो. ‘फोन’ ॲपवर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’मध्ये जा आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा. सेव्ह केलेले नंबर जात नाहीत. मात्र ॲपमधल्या नव्या दुरुस्त्याही निघून जातात, त्यामुळे हा कायमचा उपाय नव्हे.

बीटा म्हणजे काय?

बीटा म्हणजे सर्वांना देण्याआधीची चाचणीची आवृत्ती. अँड्रॉइड १६ ची पहिली बीटा जानेवारी २०२५ मध्ये आली, पक्की आवृत्ती १० जून २०२५ ला. मधल्या काळात हौशी वापरकर्ते चुका शोधून कळवतात. पण बीटामध्ये बँकेचे आणि यूपीआयचे ॲप चालतीलच, याची खात्री नसते. पिक्सेल फोनवर बीटा चालू असताना मध्येच पक्क्या आवृत्तीवर परतायचं ठरवलं, तर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. व्हिडिओ पाहून रोजच्या फोनवर बीटा टाकू नये, ते याचसाठी.

पक्क्या आवृत्तीतही अडचणी का येतात?

गुगलचं अँड्रॉइड थेट आपल्या फोनवर येत नाही. प्रत्येक कंपनी त्यावर स्वतःचा थर चढवते. फोनचे प्रकार असंख्य, त्यामुळे सगळ्या चुका चाचणीत सापडत नाहीत. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापणं, बॅटरी लवकर उतरणं सामान्य आहे. फोन आतल्या आत ॲप नव्याने जुळवत असतो. आठवडाभरानंतरही तेच असेल, तर मात्र तक्रार करावी.

महागडे फोनही यातून सुटलेले नाहीत. आयओएस १८ नंतर आयफोनच्या कामगिरीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. इटलीत तर अपडेटमुळे फोन संथ झाल्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी, तर सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला होता.

मग अपडेट करावं की नाही?

करावंच. सुरक्षेचे अपडेट टाळले, तर पैशांचे व्यवहार असलेला फोन उघडा पडतो. फक्त एवढं पाळा :

- मोठं अपडेट आलं की आठ-पंधरा दिवस थांबा; सुरक्षेचं छोटं अपडेट मात्र लगेच घ्या.
- आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. अपडेटनंतर सर्वसाधारण वापरकर्त्याला मागे फिरता येत नाही.
- पीक पाहणी, परीक्षेचा अर्ज, विम्याची मुदत जवळ असेल तर आधी ते काम उरका.
- अपडेट फक्त ‘सेटिंग्ज’मधूनच करा. मेसेजमधून आलेली एपीके फाइल उघडू नका.
- कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.