सायकल टूरसाठी रिपेअर किट: ‘२१-इन-१’ मागवण्याआधी हे वाचा

परवा रात्री माझ्या आतेभावाचा मेसेज आला. सोबत एका शॉपिंग ॲपचा स्क्रीनशॉट. सायकल रिपेअर किट, २१-इन-१, काळी पाऊच फ्री. खाली लिहिलेलं, ‘दादा, हे घेऊ का? नवरात्रात माहूरला जायलोय सायकलवर. भोकरहून, दोन दिवसांची ट्रिप.’

मी लगेच ‘घे’ किंवा ‘नको घेऊ’ असं उत्तर दिलं नाही. कारण असंच भारी किट घेऊन मी त्यालाच एकदा रस्त्यावर अडकवलं होतं. त्या दिवशी जे कळलं आणि त्यानंतर मी जे शिकलो, ते सगळं इथे मांडतोय. तुमची पहिली टूर असेल तर कामाला येईल.

किट होतं, तरी अडकलो

मागच्या दिवाळीत आम्ही दोघं भोकरहून सहस्रकुंड धबधब्याला गेलो होतो. हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता. जाताना मजेत गेलो. येताना हिमायतनगर सोडलं आणि थोड्या वेळानं त्याचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

मी एकदम निवांत होतो. माझ्याकडे मल्टीटूल होतं, नवीन ट्यूब होती, छोटा पंप होता. मग एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. ट्यूब माझ्या सायकलच्या मापाची, ७००सी. त्याचं चाक २६ इंची. माझ्या सायकलला क्विक रिलीज आहे, म्हणजे हातानं दांडी फिरवली की चाक निघतं. त्याच्या मागच्या चाकाला नट, आणि माझ्या मल्टीटूलमध्ये पानाच नाही. चिकटवायचे तयार पॅच होते, तर त्यातला एक धुळीतच लावला, तो दोन मिनिटांत सुटला. पंपही माझ्या बारीक वॉल्व्हचा, त्याच्या जाड वॉल्व्हला बसेना.

शेवटी सायकल हातात धरून चालत निघालो. पुढच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान लागलं, तोवर अंधार पडला होता. लाइट एकाच सायकलला. दुकानातल्या काकांनी चाक खोललंसुद्धा नाही. टायरची एक बाजू रिममधून काढली, ट्यूब बाहेर ओढली, घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ ठोकलं, हवा भरली. मी पान्याचं रडगाणं सांगितलं तर म्हणाले, ‘एवढं सामान घिऊन फिरायलास, अन् ट्यूब बाहेर ओढायला पाना कशाला लागतंय?’

घरी पोचायला नऊ वाजले. आत्या ओट्यावर बसून होती. मला काही बोलली नाही, पण पुढचे सहा महिने तिनं त्याला सायकलवर गावाबाहेर जाऊ दिलं नाही.

चूक किटची नव्हती. मी किट निवडताना सायकल पाहिली नव्हती, रस्ता पाहिला नव्हता आणि वापरून तर एकदाही पाहिलं नव्हतं. किट निवडायचं म्हणजे हीच तीन कामं करायची.

पहिलं काम: फोन काढा, सायकलचे फोटो घ्या

कोणतंही ॲप उघडण्याआधी स्वतःच्या सायकलचे पाच फोटो काढा.

१. टायरच्या बाजूवर छापलेलं माप. ‘२६x१.९५’, ‘२७.५x२.१०’, ‘७००x३५सी’ असं काहीतरी असतं. शेजारीच ‘३७-६२२’ सारखा आकडाही असतो. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ट्यूब घेताना हा आकडा फसवत नाही. ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी, पण दोन्हींचा व्यास ६२२च. फरक फक्त रुंदीचा.

२. वॉल्व्ह. मोटारसायकलसारखा जाड असेल तर श्रेडर. बारीक, टोकाला फिरणारा छोटा नट असेल तर प्रेस्टा. आपल्या साध्या काळ्या सायकलला असतो तो वूड्स किंवा डनलॉप.

३. चाक कशानं बसवलंय. क्विक रिलीज की नट? नट असेल तर बहुतेक वेळा १५ मिमीचा पाना लागतो, पण स्वतः लावून बघा.

४. मागच्या चक्र्या किती आहेत. सात, आठ, नऊ की जास्त? चेनचं सामान यावर ठरतं.

५. सगळे बोल्ट. हँडल, सीट, ब्रेक, कॅरिअर. कुठे एलन की लागते, कुठे स्क्रू ड्रायव्हर, कुठे पाना?

दोघं-तिघं सोबत जाणार असाल तर प्रत्येक सायकलचे फोटो घ्या. माझी चूक नेमकी इथे झाली. किट माझ्या सायकलचं होतं, टूर मात्र दोन सायकलींची होती.

दुसरं काम: रस्त्यावर काय मिळतं ते बघा

यूट्यूबवरच्या किटच्या याद्या बऱ्याचदा परदेशातल्या असतात. तिथे दोन गावांच्या मध्ये चिटपाखरू नसतं, म्हणून ते लोक सगळं सोबत घेतात. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या फाट्यावर पंक्चरवाला असतो. त्याच्याकडे सोल्युशन, ठिगळं, पाने, पक्कड, हातोडी, कॉम्प्रेसर असं सगळं असतं. म्हणजे हातोडी आपण वाहून न्यायची गरज नाही.

पण त्याच्याकडे काय नसतं, ते महत्त्वाचं. ७००सीची ट्यूब नसते. प्रेस्टा वॉल्व्हला बसणारं तोंड नसतं. गिअरच्या सायकलची बारीक चेन नसते. साध्या सायकलची चेन आतून १/८ इंच रुंद, गिअरची ३/३२ किंवा त्याहून कमी. त्यामुळे साध्या सायकलचं चेन लॉक गिअरच्या सायकलला चालत नाही.

म्हणून नियम सोपा: जे रस्त्यावर मिळत नाही ते सोबत घ्या, आणि पुढच्या दुकानापर्यंत पोचवेल तेवढी हत्यारं घ्या. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात दुकानं लांब लांब आहेत, तिथे थोडं जास्त. भोकर-नांदेड रस्त्यावर थोडं कमी.

हाच विचार बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्येही आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही, ठरलेल्या कंट्रोल पॉइंटलाच मदत घेता येते. रस्त्यातल्या दुकानातून मात्र काहीही घ्या. मधलं पंक्चर तुमचं तुम्हीच काढायचं.

पंक्चरचं सामान: इथे कंजुषी नको

आपल्या भागात सायकल थांबते ती बहुतेक वेळा काट्यामुळे. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्या ओढत नेताना काटे रस्त्याच्या कडेला पडतात. आपण चालवतो तेही कडेनंच. म्हणून किटचा निम्मा भाग पंक्चरचाच असू द्या.

नवीन ट्यूब: प्रत्येक वेगळ्या मापाच्या सायकलमागे एक. जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर हत्यारांना घासून ट्यूब बॅगेतच फाटते.

ठिगळं आणि सोल्युशन: सोल्युशनवालं पक्कं बसतं. ट्यूब पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन लावून काही मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला ओलं लागेनासं झालं की ठिगळ दाबायचं. ओल्यावरच लावलं की सुटतं. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की हळूहळू सुकते, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकरच. टूरच्या आधी नवीन घ्या, स्वस्त असते. बिनसोल्युशनची तयार ठिगळं तात्पुरती समजा, उन्हात तापली की भरवसा नाही.

टायर लिव्हर: दोन चांगल्या प्लॅस्टिकच्या. स्क्रू ड्रायव्हरनं टायर काढू नका, ट्यूबला नवीन भोक पडतं.

छोटा चिमटा: हा कुठल्याच रेडिमेड किटमध्ये मला दिसला नाही. बाभळीचा काटा मोडतो आणि टोक टायरमध्ये राहतं. ते काढलं नाही तर नवीन ट्यूब शंभर मीटरवर परत बसते. टायरच्या आतून बोट हळू फिरवायचं, टोचलं की चिमट्यानं ओढायचं.

पंप: छोटा हातपंप, दोन्ही वॉल्व्हला चालणारा. बऱ्याच पंपांचं तोंड खोललं की आतलं रबर उलटं करता येतं, मग तो दुसऱ्या वॉल्व्हला बसतो. माझा पंपही तसलाच होता, हे मला घरी आल्यावर कळलं! गॅसच्या छोट्या नळकांड्या नकोत. संपल्या की आपल्याकडे मिळत नाहीत.

पितळी अडॅप्टर: प्रेस्टा असेल तर हा नखाएवढा तुकडा घ्याच. तो लावला की कोणत्याही दुकानात हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरची हवा जोरात येते, थोडी थोडी भरायला सांगा. टायरवर छापलेल्या पीएसआयच्या वर जाऊ नका.

टायर फाटलं तर: दुधाच्या पिशवीचा किंवा जुन्या टायरचा तुकडा. कापलेल्या जागी आतून ठेवला की ट्यूब बाहेर फुगत नाही.

मल्टीटूल: आकडा नको, माप बघा

२१-इन-१ मधले २१ कोणते, हे आधी वाचा. बऱ्याचदा त्यात बाटली उघडायचं ओपनर आणि तुमच्या सायकलला कुठेच न लागणारे पाने मोजलेले असतात. बहुतेक गिअरच्या सायकलींना ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन की लागतात. बारीक ॲडजस्टमेंटला २.५ आणि ३ मिमी, आणि एक फुली स्क्रू ड्रायव्हर. डिस्क ब्रेक असेल तर टी२५ नावाचं चांदणीच्या आकाराचं टोक. तुम्ही काढलेल्या फोटोंशी हे जुळवा. जे जुळतं तेच मोजायचं.

दोन गोष्टी अजून बघा. एक, की किती लांब आहे. खूप आखूड असेल तर घट्ट बोल्टला जोर लागत नाही, आणि खोलगट जागेत टूल पोचतच नाही. दोन, धातू मऊ असेल तर कीचे कोपरे गोल होतात आणि बोल्टचं डोकंही जातं. तसा बोल्ट रस्त्यावर काढणं महाकठीण. चाकाला नट असतील तर वेगळा पाना घ्या. ठिगळ लावायला तो लागत नाही हे काकांनी शिकवलं, पण ट्यूब बदलायची तर चाक काढावंच लागतं.

चेन तुटली तर

हे क्वचित होतं, पण झालं की सायकल पुढे जात नाही. दोन वस्तू लागतात: चेन टूल (काही मल्टीटूलमध्येच असतं) आणि क्विक लिंक. तुटलेली कडी टूलनं काढायची आणि मोकळी टोकं क्विक लिंकनं जोडायची. क्विक लिंक तुमच्या चेनच्या स्पीडचीच हवी. सात आणि आठ स्पीडला सहसा एकच चालते, नऊ, दहा, अकराच्या वेगवेगळ्या. वजन नगण्य, म्हणून दोन घ्या.

मुक्कामाची टूर असेल तर

एका दिवसाच्या राइडला वरचं सामान पुरतं. मुक्काम असेल आणि कॅरिअरवर बॅगा असतील तर हे वाढवा:

- कॅरिअरचे दोन जादा बोल्ट. धक्क्यांनी हेच आधी गळून पडतात.
- चार-पाच झिप टाय, आणि पंपाला गुंडाळलेली थोडी इलेक्ट्रिकची टेप.
- एक ब्रेक केबल, एक गिअर केबल. दोन्हींची जाडी आणि टोकाची गोळी वेगळी असते, जुनी दाखवून घ्या.
- हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती. सायकल उजवीकडे पडली की ही वाकते. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, ऐनवेळी मोठ्या शहरातही मिळेल याची खात्री नाही.
- फोनसाठी पॉवर बँक आणि ऑफलाइन मॅप. जंगलात रेंज जाते.

तिसरं काम: अंगणात टेस्ट

ऑफिसमध्ये कोड टेस्ट न करता लाइव्ह करणाऱ्याला आम्ही सोडत नाही. किटचं मात्र मी अगदी तेच केलं होतं.

एका रविवारी किट जमिनीवर ओता. घरातलं दुसरं कोणतंच हत्यार वापरायचं नाही, असं ठरवा. मागचं चाक काढा, ट्यूब बाहेर काढा, जुन्या ट्यूबवर ठिगळ लावून बघा, छोट्या पंपानं पूर्ण हवा भरा. प्रत्येक बोल्टला की लावून बघा. पहिल्यांदा तास जाईल, तिसऱ्यांदा वीस मिनिटं. जे अडलं ते किटमध्ये टाका. जे कुठेच लागलं नाही ते बाहेर काढा. शेवटी सगळं सामान सीटखालच्या छोट्या बॅगेत बसलं पाहिजे.

आतेभावाला मी उत्तर पाठवलं: ‘२१-इन-१ राहू दे. आधी सायकलचे पाच फोटो पाठव. आणि रविवारी घरी ये, पंक्चर काढायला शिकवतो.’

रविवारी तो आला. दोनदा ठिगळ सुटलं, तिसऱ्यांदा बसलं. व्हिडिओ मी काढला आणि तो त्यानं आधी आत्याला पाठवला. माहूरची परवानगी अजून मिळालेली नाही, पण ‘बघू’ म्हणाली आहे.