डाकोटाचे दार

“२७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैन्य विमानाने श्रीनगरला उतरविण्यात आले.” इतिहासाच्या पुस्तकात एवढे एकच वाक्य असते आणि परीक्षेला तेवढेच पुरते. पण माझे आजोबा हवाई दलात फिटर होते. त्यांच्यापुढे मी हे वाक्य वाचले की ते विचारीत, “विमानाने म्हणजे कशाने? किती फेऱ्यांनी? पेट्रोल कुठले?” या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधताच हा लेख झाला.

ती विमाने डाकोटा जातीची होती आणि लष्करी वाहतुकीचा भार मुख्यतः १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनवर होता. ही तुकडी १ डिसेंबर १९४५ रोजी कोहाट येथे उभी राहिली ती स्पिटफायर या लढाऊ विमानांसह. पुढे तिला डाकोटा मिळाली. फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला वाहतुकीची ही एकच स्क्वाड्रन आली.

डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचे, शेपूट जमिनीला टेकवून उभे राहणारे विमान. सुमारे अठ्ठावीस सैनिक किंवा अडीच-तीन टन माल एवढीच त्याची ताकद. मुझफ्फराबादहून बारामुल्लामार्गे टोळीवाले श्रीनगरकडे येत होते. काश्मीरचा बारमाही रस्ता तोच आणि तो त्यांच्या हाती. जम्मूकडून जाणारा रस्ता बनिहालची उंच खिंड ओलांडून जाई. तेव्हा दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न होता. २६ ऑक्टोबरला विलीनीकरण झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गुडगावातील पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून निघाले. नागरी कंपन्यांची डाकोटा विमानेही कामाला लावली होती. पलटणीचे प्रमुख कर्नल दिवाण रणजित राय यांना सांगितले होते की, आधी वरून घिरट्या घालून पाहा. विमानतळ शत्रूच्या हाती दिसला तर उतरू नका. तो मोकळा होता. श्रीनगरला इंधनाची सोय नव्हती, म्हणून परतीचे पेट्रोल विमानानेच वाहायचे. म्हणजे तेवढ्या वजनाची माणसे कमी. आजोबांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे. त्याच मोहिमेत बारामुल्ल्याच्या वाटेवर कर्नल राय धारातीर्थी पडले. ३ नोव्हेंबरला मेजर सोमनाथ शर्मा बडगामला लढता लढता पडले, तेही या विमानतळाच्या रक्षणासाठीच. धावपट्टी गेली असती तर मागून येणारी कुमक कोठे उतरणार होती?

पण मला खरे नवल वाटते ते पूंछचे. गाव वेढलेले, चहूकडे डोंगर, आत फौजेबरोबर हजारो निर्वासित. ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांच्या सैनिकांनी आणि या निर्वासितांनी मिळून हातांनी धावपट्टी तयार केली. ती आखूड, आणि तिच्या बाजूंना ओढे. डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तेथे पहिले डाकोटा उतरविले. वाडग्यासारख्या दरीत विमान लांबून सावकाश खाली आणायला जागाच नव्हती. घिरट्या घेत उंची कमी करायची, आणि तीही डोंगरावरून शत्रू पाहत असताना. पुढे पट्टी तोफांच्या माऱ्यात आली, तेव्हा रात्री तेलाचे दिवे लावून त्यांच्या उजेडात विमाने उतरली. येताना धान्य, दारूगोळा, तोफा. जाताना जखमी आणि निर्वासित. वेढा वर्षभर चालला आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये उठला.

याच विमानांनी बाँबफेकही केली. त्यांना बाँब टाकण्याची यंत्रणा नव्हती, म्हणून बाजूच्या दारातून माणसांनी ते हाताने ढकलले. ही हकीकत आजोबांना जुन्या सहकाऱ्यांकडून कळली होती. ती सांगताना त्यांना नेहमी हसू येई. मला मात्र त्या दारापाशी उभे राहणाऱ्याची भीतीच वाटे.

लेहचे गणित आणखी निराळे. पट्टी साडेअकरा हजार फुटांवर, सिंधूकाठच्या वाळूत, अभियंता सोनम नोरबू यांनी करवून घेतलेली. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर घटतो, पंखांना मिळणारा आधारही घटतो, आणि उडण्यासाठी जास्त धाव लागते. विमानाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. वाटेत तेवीस हजार फुटांपर्यंतची शिखरे, आणि त्या मार्गाने आधी कोणी गेलेले नाही. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग जनरल थिमय्यांना शेजारी बसवून तेथे उतरले. मागोमाग गुरखा सैनिक उतरविण्यात आले. मेहरसिंगांना पुढे महावीरचक्र मिळाले. जे फिटर रात्रभर इंजिने तपासत बसले त्यांची नावे मी पुष्कळ शोधली, मला ती मिळाली नाहीत. असो.

२०१८ मध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा हवाई दलाला भेट मिळाले. श्रीनगरला गेलेल्या विमानाचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक त्याच्यावर रंगविला आहे. वर्तमानपत्रातला फोटो मी आजोबांपुढे धरला. क्रमांकाकडे त्यांनी पाहिलेच नाही. चष्मा सारखा करून त्यांनी शेपटीकडच्या डाव्या दारावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे बघ, ढकलायचे ते इथून.”