रसदीचे संगणक : लेखांक सहावा
कार्यभाराची रुजवात

मागील लेखांकाच्या अखेरीस आपण १९९१ च्या आखाती युद्धातील सौदी बंदरांवर थांबलो होतो. तेथे येऊन पडलेल्या सुमारे ४०,००० कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक कंटेनर, केवळ आत काय आहे हे कळावे एवढ्यासाठी, उघडावे लागले, माल मोजावा लागला आणि ते पुन्हा बंद करावे लागले. ही हकीकत अमेरिकी लष्कराच्या रसदव्यवस्थेला पुढे कित्येक वर्षे सलत राहिली. मालाची ददात नव्हती; कोणता माल, कोणाच्या नावे, कोणत्या मागणीपोटी निघाला, याविषयी एका कचेरीच्या दप्तराचा दुसरीच्या दप्तराशी मेळ नव्हता.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेने ‘ॲडव्हान्स्ड लॉजिस्टिक्स प्रोजेक्ट’ हाती घेतला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘अल्ट्रालॉग’ नामक दुसरा प्रकल्प सुरू झाला. पहिल्याचे काम रसदीच्या योजना जलद आखण्याचे होते. दुसऱ्यापुढे ठेवलेली अट मात्र विलक्षण होती. मोठ्या प्रादेशिक युद्धाच्या १८० दिवसांत माहितीयंत्रणेचा ४५ टक्क्यांपर्यंत भाग नष्ट झाला तरी क्षमता २० टक्क्यांहून अधिक घटू नये आणि कामाचा वेग ३० टक्क्यांहून अधिक मंदावू नये, अशी ती अट. जवळजवळ निम्मे कारकून टेबलावर बसल्या जागी मरतील हे गृहीत धरून कचेरी चालवावयाची, असा तिचा साध्या भाषेतील अर्थ होतो.

कारकून हा शब्द मी थट्टेने योजलेला नाही. या प्रकल्पांसाठी बीबीएन या कंपनीच्या पुढाकाराने ‘कूगार’ नावाची जी प्रणाली घडविली गेली, तीत प्रत्येक पलटणीचा, प्रत्येक साठ्याचा, वाहतुकीच्या प्रत्येक खात्याचा स्वतःचा एक स्वतंत्र प्रोग्राम असे. त्या व्यवसायातील लोक त्याला एजंट म्हणतात. असे शेकडो एजंट निरनिराळ्या संगणकांवर बसून परस्परांना मागण्या धाडीत, त्या स्वीकारीत आणि पुढे सोपवीत. प्रत्येकापाशी एक फळा असे (हा शब्दही त्यांचाच), व आलेली मागणी, तिच्यासाठी केलेली तरतूद आणि मिळालेले उत्तर त्यावर नोंदले जाई. फळ्याची नक्कल ठराविक अंतराने जतन केली जाई. कोण कोठे बसला आहे हे सांगणारी पत्त्यांची वही निराळी.

एजंट राजीखुशीने एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवावयाचा असेल तर फारशी अडचण पडत नाही. तो काम थांबवितो, फळा गुंडाळून बरोबर नेतो, वहीत नवा पत्ता लिहिला जातो. बदली झालेल्या अधिकाऱ्याने चार्ज देताना किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवावा आणि दोघांनी एकाच कागदावर सह्या कराव्यात, तसला हा व्यवहार. खरी कसोटी लागते ती चार्ज देणाराच नाहीसा झाला असता.

समजा, एका रणगाडा पलटणीला रसद पुरविणाऱ्या दलाचा एजंट आहे. त्याच्या फळ्याची नक्कल सकाळी सहा वाजता जतन झाली. सहा वाजून पाच मिनिटांनी पलटणीने इंधनाची मागणी धाडली. त्याने ती स्वीकारली आणि वरच्या डेपोकडे तेवढ्याच इंधनाची मागणी केली. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याचे यंत्र नष्ट झाले. वीस मिनिटांनी त्याच नावाचा एजंट दुसऱ्या यंत्रावर जागा झाला, तो सहा वाजताची स्मृती घेऊन. पलटणीच्या फळ्यावर मागणी स्वीकृत आहे, डेपोच्या फळ्यावर ती दाखल आहे, आणि ज्याने हे दोन्ही व्यवहार केले त्याला त्यांतले काहीच ठाऊक नाही.

कूगारने यावर जो तोडगा काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात नव्या एजंटाच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवलेलीच नाही. प्रत्येक जन्माला एक क्रमांक असतो व पुनर्जन्मी तो वाढतो. वाढलेला क्रमांक दिसताच शेजारी आपण होऊन रुजवातीला लागतात. पलटण म्हणते, माझी ही मागणी तुझ्यापाशी होती, ती पुन्हा घे. डेपो विचारतो, तुझी ही मागणी माझ्यापाशी आहे, ती अजून कायम आहे काय? नव्याच्या फळ्यावर ती नसल्यामुळे उत्तर नकारार्थी येते आणि डेपो ती रद्द करतो. मग पलटणीकडून पुन्हा आलेल्या मागणीवरून नवा एजंट डेपोकडे नव्याने मागणी करतो, आणि एकाच गरजेपोटी दोनदा इंधन निघण्याचा धोका टळतो.

जुना एजंट मेलाच नसेल, केवळ त्याची तार तुटली असेल, तर? संगणकशास्त्रात ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून जो प्रसिद्ध आहे, आणि ज्याची मांडणी १९७५ साली प्रथम झाली, तो येथे आडवा येतो: जासूद वाटेत पकडला जाण्याचा संभव असेल, तर कितीही पोचपावत्या पाठविल्या तरी दोन्ही सेनापतींना एकमेकांच्या निश्चयाची पूर्ण खात्री कधीच होत नाही. म्हणून ‘तू आता अधिकारी नाहीस’ हे जुन्याला कळविण्यावर अवलंबून राहता येत नाही. मुखत्यारी मुदतीची द्यावी, म्हणजे नूतनीकरण न झाल्यास ती आपोआप संपते, आणि क्रमांकाने मागे पडलेल्याचे हुकूम शेजाऱ्यांनी मानू नयेत, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. कूगारच्या पत्त्यांच्या वहीतील नोंदीही अशाच मुदतबंद असत.

एवढे करूनही एक कोडे शिल्लक राहते, आणि ते फळ्याबाहेरचे आहे. डेपोने मागणी रद्द केली त्या क्षणी टँकर फाटकाबाहेर पडलेला असेल, तर फळ्यावरची खाडाखोड त्याची चाके थांबवू शकत नाही. तो चार तासांनी पलटणीच्या छावणीपाशी येऊन उभा राहील, चालकाच्या हातात रद्द झालेल्या मागणीचा कागद असेल, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला त्याचे नाव कोणत्याच यादीत सापडणार नाही. रस्त्यावरच्या मालाची झाडती कशी घ्यावी, त्याचा विचार पुढील आठवड्यात.