संशोधनाची वाट (भाग 9) : तिकिटाचे पैसे आधी कोण भरणार?

गेल्या आठवड्यात आपण ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र हाती येईपर्यंतच्या टप्प्यांबद्दल बोललो. ते पत्र आल्याचा आनंद पुरता ओसरायच्या आत हिशेब सुरू होतो. परिषद युरोपात असेल तर जाण्यायेण्याचं विमानभाडं, विद्यार्थी दरातलं का होईना पण रजिस्ट्रेशन, शेंगेन व्हिसाचे 90 युरो, त्या व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा आणि चार-पाच रात्रींचा मुक्काम. काटकसरीनं केलं तरी बेरीज दीड लाखाच्या पुढे जाते. इकडे जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची, रक्कम 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. त्यात खोलीचं भाडं, मेस आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत घरी पाठवायचे पैसेही आले.

प्रवासासाठी पैसे मिळतच नाहीत, असं मात्र नाही. आपल्याकडे त्यासाठी योजना आहेत आणि त्यातल्या काही चांगल्या आहेत. अडचण पैसे हातात कधी पडतात याची आहे. जवळपास प्रत्येक योजनेत खर्च आधी विद्यार्थ्यानं करायचा, परत आल्यावर बिलं जोडायची आणि मग वाट पाहायची. दीड लाख रुपये काही महिने अडकवून ठेवू शकणाऱ्या घरातल्या मुलाला ही मदत सहज पेलते. ज्याला तिची सर्वात जास्त गरज आहे, तो अर्जच करत नाही. गाईडना ‘यंदा जमणार नाही’ इतकंच सांगतो.

आता हा पैसा कुठे असतो ते पाहू. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वात परिचित योजना म्हणजे ‘इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट’. ती पूर्वी सर्बची, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्डाची, होती. 2023 च्या कायद्यानं एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, स्थापन झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. या योजनेचा गाभा म्हणजे जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी विमानभाडं आणि व्हिसा शुल्क. तरुण संशोधकांना रजिस्ट्रेशनही मिळतं. राहण्या-जेवणाचा खर्च आपला. सीएसआयआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही प्रवास अनुदानाच्या योजना आहेत. संगणकशास्त्रातल्यांनी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांचं संयुक्त प्रवास अनुदान जरूर पाहावं.

समाजशास्त्रं आणि मानव्यविद्यांकडे वळलं की चित्र झपाट्यानं बदलतं. यूजीसीच्या जेआरएफमध्ये या विषयांना पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000 रुपये कंटिन्जन्सी मिळते, त्यानंतर 20,500. पुस्तकं, झेरॉक्स, क्षेत्रकार्य, सगळं त्यातूनच भागवायचं. दुसऱ्या टोकाला पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, जिच्यात वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान ठेवलेलं आहे. दोघेही पीएचडीच करतात आणि दोघांच्याही कामाची पारख परिषदेतच व्हायची असते. इतकं अंतर मला कधीच पटलेलं नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे हजारो मुलं संशोधनाकडे वळली. पण ती रक्कम वेळेवर आणि पूर्ण मिळावी म्हणून याच मुलांना पुण्यात आंदोलनंही करावी लागली आहेत. ज्याची दरमहाची रक्कमच उशिरा येते, त्याला ‘आधी तुम्ही खर्च करा’ असं सांगणं म्हणजे तुम्ही येऊ नका असंच सांगणं आहे.

विद्यार्थ्यांच्या हातून सर्वात जास्त निसटणारा स्रोत म्हणजे खुद्द परिषद. बहुतेक मोठ्या परिषदांमध्ये विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधी असतो. एसीएमच्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या गटाची, म्हणजे सिगप्लॅनची, त्यासाठी समिती आहे आणि ती विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत करते. अनेक ठिकाणी ‘स्टुडंट व्हॉलंटियर’ म्हणून काही तास नोंदणीच्या टेबलावर किंवा सभागृहात काम केलं की रजिस्ट्रेशन माफ होतं. ही माफी आधीच मिळते. खिशातून पैसे काढून ते परत मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून माझ्या मते पहिला अर्ज इथेच करावा. गणित किंवा सैद्धांतिक भौतिकी करत असाल, तर इटलीतल्या त्रिएस्तच्या आयसीटीपीचे कार्यक्रम पाहून ठेवा. अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये ती संस्था उभारली, ती विकसनशील देशांतल्या संशोधकांना जगाशी जोडून घेता यावं म्हणूनच. निवड झालेल्यांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा विचार तिथे सुरुवातीपासून केलेला आहे.

कॅलेंडर नीट पाहिलं तर खरी कोंडी कळते. अनुदानाच्या अर्जाला स्वीकृतिपत्र लागतं आणि ते बहुधा परिषदेच्या तीन-चार महिने आधी येतं. अर्ज केल्यानंतर निर्णय यायला वेळ जातो. मधल्या काळात रजिस्ट्रेशनचा अर्ली बर्ड दर संपतो आणि तिकीट रोज महागत जातं. व्हिसासाठी बँकेत पैसे दाखवावे लागतात किंवा खर्च कोण करणार याचं पत्र लागतं, आणि ते पत्र मंजुरीशिवाय मिळत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण मंजुरी हाती नसेल तर त्या सवलतीचा काही उपयोग नाही. अमेरिकेला जायचं असेल तर मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं. म्हणून स्वीकृतिपत्राची वाट पाहत बसू नका. संशोधन आराखडा, गाईडचं शिफारसपत्र, विभागप्रमुखांचं ना हरकत प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हे सगळं ॲबस्ट्रॅक्ट पाठवलं त्याच आठवड्यात तयार ठेवा. स्वीकृती आली की त्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे.

दोन ठिकाणांहून मदत घेता येते का, हा प्रश्न मला पत्रांतून नेहमी विचारला जातो. बहुतेकदा घेता येते, पण एकच खर्च दोघांकडून घेता येत नाही. भाडं एकाकडून, मुक्काम दुसऱ्याकडून, अशी विभागणी अर्जातच स्पष्ट लिहा. मूळ बिल एकाच ठिकाणी जातं. दुसरीकडे साक्षांकित प्रत आणि मूळ बिल कुठे दिलं आहे याची नोंद.

बिलांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे अडकतात ते बहुधा इथेच. सरकारी खर्चानं होणाऱ्या विमानप्रवासासाठी 2022 पासून बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजन्सी ठरवून दिलेल्या आहेत. तुमच्या अनुदानाला तो नियम लागू आहे का, हे मंजुरीपत्रात शोधा आणि ते वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. स्वस्त दिसलं म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटाची पूर्ण रक्कम नामंजूर होऊ शकते. प्रत्येक टप्प्याचा बोर्डिंग पास जपा. मोबाइलवरचा असेल तर त्याच दिवशी त्याची प्रत स्वतःला ईमेलनं पाठवून ठेवा. परकी चलन घेतल्याची पावती, रजिस्ट्रेशनची पावती, सहभागाचं प्रमाणपत्र आणि सादरीकरणाचा उल्लेख असलेलं कार्यक्रमपत्रिकेचं पान हे सगळं एका फाईलमध्ये लावून परतल्यापासून आठवड्याच्या आत अकाउंट्स विभागात द्या. उपयोगिता प्रमाणपत्रावर कुलसचिवांची सही लागत असेल तर त्यात आणखी दिवस जातात.

आता विद्यापीठांशी बोलायचं आहे. सरकारी कर्मचाऱ्याला दौऱ्यावर जाण्याआधी ॲडव्हान्स मिळण्याची तरतूद जुनीच आहे. पीएचडीचा विद्यार्थी कर्मचारी नसल्यामुळे त्या तरतुदीत बसत नाही. यासाठी दिल्लीहून नवा नियम यायची वाट पाहण्याची गरज नाही. एखाद्या विभागानं चार-पाच लाखांचा फिरता निधी ठेवला, तर मंजुरीपत्र आलेल्या विद्यार्थ्याचं तिकीट त्यातून थेट एजन्सीला पैसे देऊन काढता येईल. अनुदान आलं की ती रक्कम निधीत परत जमा होईल. पैसा खर्च होत नाही, तो फक्त काही महिने विद्यार्थ्याच्या ऐवजी विद्यापीठाचा अडकतो. अनुदानाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्याऐवजी संस्थेच्या खात्यात मागवण्याची सोय जिथे असेल, तिथे वसुलीची चिंताही उरत नाही. माजी विद्यार्थी देणगी द्यायला तयार असतात आणि इमारतीवर नावाची पाटी लावून घेतात. अशा निधीसाठी त्यांच्याकडे कुणी मागितलेलं माझ्या ऐकिवात फार कमी आहे.

तुमच्या विभागात असा निधी नसेल तर विभागीय संशोधन समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी अर्ज द्या. एकट्यानं देऊ नका, दोन-तीन विषयांच्या विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या. सोबत गेल्या दोन वर्षांत किती जणांचे पेपर स्वीकारले गेले आणि त्यांतले किती जण प्रत्यक्ष जाऊ शकले, याचा तक्ता जोडा. ही माहिती विभागातच असते, पण ती एका कागदावर कुणी मांडलेली नसते.